इथिओपियात प्रशिक्षण वर्ग घेताना तिथल्या चालीरीतींशी कसे जुळवून घ्यावे?

जालन्याहून ठिबक सिंचनाचे प्रशिक्षण द्यायला आपण इथिओपियात जात आहात, तर सर्वांत आधी तिथले घड्याळ समजून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे दिवसाचे तास साधारण सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे ८ म्हणजे त्यांचे २. वर्गाची वेळ फळ्यावर दोन्ही पद्धतींनी लिहावी आणि तोंडीही विचारून खात्री करून घ्यावी.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी व शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात आणि अनेक जण दुपारपर्यंत काहीच खात नाहीत, तेव्हा नळ्या अंथरण्याचे कष्टाचे प्रात्यक्षिक त्या दिवशी ठेवू नये. (शाकाहारी माणसाची मात्र त्या दिवशी उत्तम सोय होते.)

जेवताना सर्वांसाठी एकच मोठे ताट असते. उजव्या हातानेच खावे, आणि कोणी इंजेराचा (तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यासारख्या भाकरीचा) घास करून आपल्या तोंडाशी आणला, तर संकोच न करता घ्यावा, कारण 'गुर्शा' म्हणून ओळखला जाणारा हा घास आपल्या पंगतीतल्या आग्रहासारखाच मायेचा असतो. कॉफीचे अबोल, तोना व बरका असे तीन फेरे होतात. पहिल्याच कपानंतर उठू नये. वर्गात न विचारलेल्या शंका शेतकरी तिथेच मोकळेपणाने विचारतात.