संगीत-अंकाच्या कामातून गाणं शिकणाऱ्या मुलीला काय मिळतं

ताई, तुमची काळजी थोडक्यात अशी : मुलगी बडोद्यात गायनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विभागाच्या संगीत-अंकाच्या संपादक मंडळात तिचं नाव आलंय, आणि तीन महिने त्यात गेले तर रियाज मागे पडून हाती काय लागणार?

तिच्या वाट्याला कोणतं काम येतं, यावर सगळं आहे. जाहिराती गोळा करण्यात आणि मुखपृष्ठ सजवण्यात तीन महिने गेले तर तुमची काळजी रास्त आहे. पण एका मैफिलीचा वृत्तांत, एका बंदिशीचं (रागतालात बांधलेल्या गीताचं) स्वरलेखन आणि एक मुलाखत एवढं तिने स्वतः केलं, तर तिचा कान तयार होईल. कारण तिथे ऐकलेलं जसंच्या तसं कागदावर उतरवावं लागतं आणि खाली आपलं नाव छापलं जातं.

वृत्तांतापासून सुरुवात करू द्या. 'गायिकेने राग खुलवला, श्रोते तल्लीन झाले' या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. मैफल चालू असतानाच वहीत राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, तबला-पेटीवर कोण आणि तानपुऱ्यावर कोण, हे टिपायचं. तानपुऱ्यावाल्यांची नावं बहुतेक वृत्तांतांत गळतात, ती मध्यंतरातच विचारून घ्यावीत.

लय मात्र मोजायची. मोबाइलवरचं स्टॉपवॉच एका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू करून पुढच्या समेवर थांबवायचं, की तालाचं एक आवर्तन झालं. विलंबित एकतालाचं आवर्तन ४८ सेकंदांत पुरं झालं, तर १२ मात्रांनी भागून एक मात्रा ४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५ मात्रा. लागोपाठ तीन आवर्तनं मोजून सरासरी काढावी, कारण बोट जरा मागेपुढे झालं की एका आवर्तनाचा हिशेब चुकतो. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं की 'लय चढत गेली' हे वाक्य आधारासह लिहिता येतं. आणि सम सापडल्याशिवाय हे जमतच नाही, त्यामुळे तिला ठेका धरूनच बसावं लागतं. वर्गात जे सांगून होत नाही ते इथे आपोआप होतं.

स्वरलेखनात सगळ्यात जास्त चुका होतात आणि शिकायलाही तिथेच सगळ्यात जास्त मिळतं. पंडित भातखंडे आणि पंडित पलुस्कर यांच्या दोन पद्धती आहेत, त्यांतली एक आधी ठरवा. भातखंडे पद्धतीत समेला ×, खालीला (तालात टाळी नसलेल्या जागेला) ०. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. दोन लेखांत दोन पद्धती आल्या की वाचक फसलाच. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब. भैरवाचा आरोह सा रे॒ ग म प ध॒ नि सां असा लिहितात. टाइप करताना रिषभाखालची रेघ गळली तर छापून येतो तो नटभैरवाचा आरोह. एवढ्याशा रेघेने राग बदलतो, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला राग ठाऊक नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही रेघ संगणकावर आणायची एक सोपी युक्ती आहे. युनिकोडमधली वैदिक स्वरचिन्हं वापरा : अनुदात्ताची खूण अक्षराखाली आडवी रेघ देते आणि उदात्ताची खूण डोक्यावर उभी रेघ. काही फॉन्टमध्ये या खुणा नसतात, तेव्हा अक्षराशेजारी टिंबांचं वर्तुळ दिसतं. म्हणून एक ओळ टाइप करून, पीडीएफ काढून, कागदावर छापून बघावी आणि मगच पूर्ण बंदिश बसवावी.

मात्रा स्पेसबारने जुळवू नयेत. फॉन्ट बदलला की सगळं सरकतं आणि नवव्या मात्रेचा मुखडा दहाव्यावर जाऊन बसतो. तक्ता करा : तीनतालाला १६ रकाने, वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत शब्द, सगळ्यात खाली तालाच्या खुणा ×, २, ०, ३. लांबवलेल्या स्वराला आडवी रेघ, लांबवलेल्या अक्षराला अवग्रह (ऽ). ए-४ पानावर दोन्हीकडे १५ मिमी समास सोडला तर प्रत्येक रकान्याला सव्वाअकरा मिमी मिळतात, ते पुरतात. ए-५ पानावर १२ मिमी समास धरूनही पावणेआठच मिमी उरतात, एका मात्रेत दोन स्वर आले की ते एकमेकांत घुसतात. तिथे आवर्तन आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडावं.

बडोद्याच्या अंकाला इतिहासाचं पान लागतंच, आणि इथे साहित्यही भरपूर आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा, १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने इथे भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, दरबारगायक फैयाज खाँ. मोबाइलवर पहिलं सापडलेलं उचलायचं नाही, मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन पुस्तकं बघायची. फैयाज खाँचं जन्मवर्ष कुठे १८८० तर कुठे १८८६ दिलेलं आढळतं, निधन १९५०. अशा ठिकाणी दोन्ही वर्षं द्यावीत आणि कुठून घेतली ते लिहावं.

मुलाखतीचं तंत्र थोडक्यात : ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, पंखा बंद करा. एका तासाचं बोलणं लिहून काढायला चार-पाच तास लागतात, तेव्हा चाळीस मिनिटांत आटोपण्याइतकेच प्रश्न न्या. कलाकाराच्या गुरूंची नावं कशी लिहायची ते त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या.

हक्कांचा भागही तिला समजायला हवा, पुढे आयुष्यभर लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. भातखंडे १९३६ साली गेले, आणि मुदत आधी ५० वर्षांचीच होती, म्हणून त्यांच्या स्वतःच्या रचना १९८७ पासून मोकळ्या आहेत. कुमार गंधर्व १९९२ साली गेले, त्यांच्या रचनांवर २०५२ अखेरपर्यंत हक्क आहे. समीक्षेत एखादी ओळ उद्धृत करता येते, पण पूर्ण बंदिश स्वरलेखनासह छापायला परवानगी लागते.

अंकात मराठी आणि गुजराती दोन्ही लेख येणारच. गुजरातीला शिरोरेघा नसल्याने शेजारच्या मराठी मजकुरापुढे ती वेगळ्याच आकाराची वाटते. एकाच घराण्याचे फॉन्ट घ्या : मुक्ता आणि मुक्ता वाणी, किंवा हिंद आणि हिंद वडोदरा. हो, आपल्या गावाच्या नावाचा गुजराती फॉन्ट आहे आणि तो मोफत मिळतो. पानं मांडण्याच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते.

छपाईचं गणित सोपं आहे. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारी बाजूंनी ३ मिमी जादा द्यावं. फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने मागवू नयेत, आकार घटतो : लांब बाजूला १६०० पिक्सेल असलेला फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेतेरा सेंटिमीटरच भरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. छापखान्यात भाव विचारताना प्रती, पानं, आकार, आतल्या कागदाचं आणि मुखपृष्ठाचं जीएसएम (चौरस मीटरमागे वजन), रंगीत पानं, बांधणी हे सगळं एका कागदावर लिहून न्यावं, म्हणजे दोन छापखान्यांच्या भावांची तुलना करता येते.

रियाजाची वेळ सकाळचीच राहू द्या, अंकाला संध्याकाळचे दोन तास पुरे होतात. शेवटचा आठवडा मुद्रितं तपासण्यात जाईल, तेवढा द्यावाच लागेल. त्या आठवड्यात तिला एक गोष्ट आवर्जून करायला सांगा : स्वरलेखनाचं छापील मुद्रित, ती बंदिश ठाऊक नसलेल्या मैत्रिणीच्या हातात द्यायचं आणि पेटीवर काळी चार हा सूर धरून नुसतं बघून गायला लावायचं. ती जिथे अडखळेल त्या रकान्यावर पेन्सिलीने खूण करून पान पुन्हा दुरुस्तीला.