सेप्टिक शॉकमध्ये बीपी वाढवायच्या औषधांनी हृदय कमजोर होतं का?

तुम्ही लिहिलंय की लघवीच्या जंतुसंसर्गातून तुमच्या बाबांना सेप्टिक शॉक झाला, म्हणजे संसर्गाने बीपी कोसळलं. दादरच्या एका हॉस्पिटलात त्यांना नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, बीपी वाढवायचं औषध) चालू आहे आणि ठोके १२५च्या आसपास आहेत. गेल्या वर्षी ६० टक्के असलेलं पंपिंग (दर ठोक्याला डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) कालच्या टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ३५ आलं. घरातलं कुणीतरी म्हणालं, "ते औषधच हृदय खातंय, बंद करायला सांगा." तसं सांगावं का, हा तुमचा प्रश्न.

नका सांगू. मी मुंबईतच आयसीयूत डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला बाहेरच्या बाकड्यांवर बसलेले नातेवाईक नेहमी विचारतात. तुमची शंका चुकीची नाही, या औषधांचा हृदयावर भार पडतोच. पण आज बाबांच्या हृदयाला रक्त मिळतंय ते बऱ्याच अंशी याच औषधामुळे. नॉरॲडचा रक्तातला अंमल दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतो. म्हणूनच संपत आलेली सिरिंज बदलताना सिस्टर दुसरा पंप आधीच तयार ठेवतात. अचानक बंद केलं तर बीपी काही मिनिटांत कोसळेल.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने शरीरभर दाह उसळतो तेव्हा, शरीरात नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं भरमसाट तयार होतात आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. सोसायटीत सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम उघडले की वरच्या घरात पाण्याला जोर राहत नाही, तसं होतं. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून आधी सलाइन द्यावं लागतं. त्यानंतरही दाब राहिला नाही की नॉरॲड सुरू होतं आणि ते सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं.

यात हृदयाचा फायदा कुठे, ते बघा. हृदयाचा डावा कप्पा अख्ख्या शरीराला रक्त ढकलतो, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. त्या वेळचा दाब म्हणजे बीपीचा खालचा आकडा. सेप्टिक शॉकमध्ये तो ४०च्याही खाली गेलेला मी पाहिलाय. वरचा आकडा ९० आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि इकडे हृदयाचा स्नायू उपाशी असतो. नॉरॲडने हा खालचा आकडा वर येतो. शिरांमध्ये साचून राहिलेलं रक्तही हृदयाकडे परत येतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला पंप करायला काहीतरी हाताशी असतं. हृदयाच्या आकुंचनालाही हे औषध थोडा जोर देतं. मॉनिटरजवळ उभे राहाल तेव्हा वरच्यासोबत खालचा आकडाही बघत जा.

मग पंपिंग ३५ का झालं? पहिलं कारण सेप्सिस स्वतः. जंतूंच्या विरोधात उसळलेल्या दाहाने हृदयाच्या स्नायूपेशींचं काम मंदावतं, त्यांतले ऊर्जा तयार करणारे भाग नीट चालत नाहीत. बहुतेक वेळा पेशी मेलेल्या नसतात, दमलेल्या असतात. १९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांच्या हृदयाचं पंपिंग रोजच्या रोज मोजलं. वाचलेल्या १३ जणांपैकी १० जणांचं पंपिंग सुरुवातीला ४० टक्क्यांच्या खाली गेलं होतं आणि साधारण दहा दिवसांत ते पूर्ववत झालं. अभ्यास लहान होता, पण हृदय असं खाली जाऊन परत वर येताना त्यानंतर जगभरच्या आयसीयूंनी पाहिलंय, आम्हीही पाहतो.

दुसरं कारण नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. वाहिन्या सैल असताना हृदयासमोर अडथळाच नसतो, त्यामुळे कमजोर हृदयही एकोत छान दिसतं. नॉरॲडने वाहिन्या आवळल्या की हृदयाला खऱ्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं आणि आधीच असलेला अशक्तपणा उघडा पडतो. म्हणजे आकडा औषधानंतर घसरला तरी दुखणं बहुधा आधीचंच असतं. एको नॉरॲडच्या कुठल्या डोसवर झाला हे कळल्याशिवाय ३५चा अर्थ लागत नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं आलं आणि कुणी "हार्ट ॲटॅकपण आलाय" म्हणालं, तर घाबरण्याआधी ईसीजीत काय दिसतंय ते विचारा. सेप्सिसमध्ये हृदयाच्या नळ्या मोकळ्या असतानाही ट्रोपोनिन वाढतं.

आता भाराबद्दल. डोस वाढत गेला की हृदय ज्या दाबाविरुद्ध झगडतं तो वाढतो, ऑक्सिजनची गरज वाढते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. यात सगळी औषधं सारखी नाहीत, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. डोपामिन हे बीपी वाढवायचं दुसरं औषध अजूनही काही छोट्या नर्सिंग होममध्ये सवयीने आधी लावलं जातं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत, १६७९ रुग्णांमध्ये, डोपामिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांच्या ठोक्यांची लय बिघडली, नॉरॲडवाल्यांत सुमारे १२ टक्क्यांच्या. मृत्यूच्या प्रमाणात एकूण फरक नव्हता, पण ज्यांचा शॉक मुळात हृदयाचाच होता त्यांच्यात डोपामिनवर जास्त मृत्यू झाले. तुमच्या बाबांना नॉरॲड आहे, ही योग्य निवड आहे. ॲड्रेनलिन ठोके आणखी पळवतं आणि लॅक्टेटही (पेशींना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढवतं, त्यामुळे रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो. नॉरॲडचा डोस चढत गेला तर व्हॅसोप्रेसिन जोडतात. ते वाहिन्या दुसऱ्या वाटेने आवळतं, ठोके वाढवत नाही, आणि त्यामुळे नॉरॲड कमी ठेवता येतं. पण हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा त्यानेही कमी होतो, म्हणून सिस्टर बोटं तपासत असतात. एवढं करूनही हृदय जोर धरत नसेल आणि लघवी, लॅक्टेट सुधारत नसेल, तर डोब्युटामिनचा विचार होतो. ते आकुंचन वाढवण्यासाठी असतं, दाब वाढवण्यासाठी नव्हे.

१२५ ठोक्यांचा सगळा दोष नॉरॲडवर टाकू नका. ताप, वेदना, पाण्याची कमतरता, कमी हिमोग्लोबिन, शरीराने स्वतः सोडलेलं ॲड्रेनलिन, सगळंच ठोके वाढवतं. लय अनियमित झाली तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहिलंय का, हे विचारण्यासारखं आहे.

दाब किती हवा? वरचा-खालचा मिळून निघणारा सरासरी दाब, ज्याला आम्ही मॅप म्हणतो, साधारण ६५ ठेवायचा असं जागतिक मार्गदर्शन आहे. "बीपी १२० करा ना डॉक्टर" हा आग्रह मला समजतो, पण तो बाबांच्या हृदयाला महागात पडू शकतो. फ्रान्समध्ये ७७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ७० आणि ८० ते ८५ अशा दोन लक्ष्यांची तुलना केली. जास्त दाब ठेवून मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय अनियमित होणं) वाढलं, सुमारे ३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. मात्र ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता त्यांच्यात जास्त दाबावर डायलिसिसची गरज कमी पडली. बाबांना जुनं बीपी असेल तर डॉक्टरांना ते नक्की सांगा. केस पेपरवर लिहिलेलं असलं तरी तोंडी सांगा.

पंपावरच्या आकड्याबद्दलही सांगते, कारण त्यावरून घराघरांत रडारड होते. सिरिंज पंपावर "५" दिसतं ते ताशी मिलिलीटर. औषध किती घट्ट बनवलंय त्यावर खरा डोस ठरतो. डबल स्ट्रेंथ सिरिंज लावली की १० चे ५ होतात आणि घरच्यांना वाटतं निम्मं कमी झालं. प्रत्यक्षात डोस तोच असतो. म्हणून राउंडच्या वेळी विचारा: दर किलोला दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, आणि कालपेक्षा वर की खाली? त्यासोबत लॅक्टेट आणि ताशी लघवी विचारा. डोस उतरतोय, लॅक्टेट उतरतंय आणि लघवी होतेय, तर पंपिंगचा एकटा आकडा ३५ असला तरी दिशा बरी आहे. डोस चढतोय आणि हात-पाय थंड पडताहेत, तर एको पुन्हा करणार का हे त्याच दिवशी विचारा.

आणखी एक, आपल्या शहरापुरतं. पावसाळ्याचे दिवस असतील आणि बाबा साचलेल्या पाण्यातून चालले असतील, तर ते सांगा. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंगी दोन्ही हृदयाच्या स्नायूला थेट सूज आणू शकतात, आणि मग पंपिंग कमी होण्याचं कारण वेगळं निघू शकतं.

नॉरॲडपासून खरी सुटका अँटिबायोटिकने आणि संसर्गाचं मूळ काढल्याने होते. लघवीची वाट कुठे अडली असेल तर ती मोकळी झाली का, सोनोग्राफीत काय आलं, हे आजच विचारा. नॉरॲड सुटल्यावर आणि बाबा वॉर्डात आल्यावर एको पुन्हा करून घ्या. तेव्हाही पंपिंग कमीच राहिलं तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून हृदयाच्या नळ्यांची तपासणी लागेल का ते ठरवता येईल.