प्रथिनयुक्त द्रव औषधं साठवायला कोणतं प्लास्टिक निवडावं?

कुपी किंवा आधीच भरलेली सिरिंज हवी असेल तर मी पहिली चाचणी सायक्लिक ओलेफिन पॉलिमरची (सीओपी) किंवा त्याचंच भावंड असलेल्या सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमरची (सीओसी) घेईन. काचेसारखं पारदर्शक, पण सहज फुटत नाही. पाण्याची वाफही फारशी बाहेर जाऊ देत नाही.

त्याची खरी कमकुवत बाजू ऑक्सिजन. काचेतून तो जात नाही, या प्लास्टिकमधून मात्र हळूहळू आत शिरतो. तुमच्या प्रथिनातलं मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) ऑक्सिडेशनला हळवं असेल तर बाहेरून ऑक्सिजन अडवणारं वेष्टण हवंच. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकमध्ये मुक्त मूलकं (अतिशय क्रियाशील रेणू) उरू शकतात आणि तीही प्रथिनाला छळतात, म्हणून पुरवठादाराला निर्जंतुकीकरणाची पद्धत नक्की विचारा.

मऊ पीव्हीसी टाळा. इन्सुलिन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि मात्रा घटते. शिवाय औषधात पॉलिसॉर्बेट (प्रथिन स्थिर ठेवायला घालतात तो साबणासारखा घटक) असेल तर पीव्हीसी मऊ करायला वापरलेलं डीईएचपी द्रवात उतरतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, पण खोल गोठवणीत ठिसूळ होतं.

आणि कृपा करून चाचणी नुसत्या पाण्यावर करू नका. तुमचंच द्रावण, तेच रबरी बूच, २ ते ८ अंश सेल्सिअसला पूर्ण मुदतभर ठेवा आणि प्रथिनाच्या गुठळ्या होतायत का ते अधूनमधून तपासत राहा.