दोन वर्षांची टर्म केली तर नगरसेवक सुधरतील का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या गावात नगरपालिका आहे. घरासमोरचं गटार निवडणुकीच्या आधीपासून फुटलेलं आहे, तेव्हा प्रशासक होता तर ऑफिसात सांगायचे की आता बॉडी आल्यावरच बघू. बॉडी आली. वॉर्डात दोन नगरसेवक. एक म्हणे हे काम त्या मॅडमकडे, मॅडमच्या घरी गेलो तर त्यांचे मिस्टर बाहेर आले आणि म्हणे नगराध्यक्षांनी फाईल अडवली, नगराध्यक्षांना गाठलं तर ते म्हणे सभागृहात बहुमत माझं नाही भाऊ, मी काय करू. आई तर म्हणते, "आते आमले कोन इचारस?" मला वाटतं पाच वर्षं लई होतात. दोनच वर्षांची टर्म ठेवा, म्हणजे सारखं दारात यावं लागेल. बरोबर ना?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, मिस्टर बाहेर आले हे वाचून हसू आलं, कारण हे प्रत्येक गावात आहे.

दोन वर्षांचं म्हणाल तर अमेरिकेत तसंच आहे. तिथल्या खालच्या सभागृहात ४३५ जण दर दोन वर्षांनी निवडून येतात. होतं काय, निवडून आला की दुसऱ्या दिवसापासून पुढच्या इलेक्शनचा पैसा गोळा करायला लागतो, आणि एवढं करून परत उभे राहिलेल्या जुन्यांपैकी बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या वर तेच परत निवडून येतात. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे महापौर अन् जिल्हा परिषदेचा अध्यक्ष अडीच वर्षांचाच असतो. त्यातही पक्षवाले आपसात सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतात, म्हणजे पहिले तीन महिने सत्कार, शेवटचे तीन महिने राजीनामा देतो की नाही याची चर्चा, मधे उरलेल्या दिवसांचा हिशोब कोणाला विचारणार? तो म्हणतो मी आत्ताच आलो, आधीचा म्हणतो मी तर गेलो.

उलटं पण करून झालंय. १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेची मुदत सहा वर्षं केली होती, १९७८ ला ४४ व्या दुरुस्तीने परत पाच केली. तेव्हा आकडा हलवून बघितलेला आहे.

माझ्या मते तुमचं गटार आकड्यात अडकलेलं नाही, तीन जणांत अडकलंय. नगरपालिकेत एका प्रभागात साधारण दोन नगरसेवक, महापालिकेत साधारण चार, मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आणि एका वॉर्डाला एकच. चौघं असले की काम झालं तर चौघांचे बॅनर लागतात, नाही झालं तर चौघं एकमेकांच्या घराकडे बोट दाखवतात. त्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून. २०१६ ला हे आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं, ज्याचं सरकार त्याच्या सोयीने. थेट निवड मला तशी पटते, पण अध्यक्ष एका पक्षाचा अन् सभागृह दुसऱ्याचं झालं की दोघांनाही कारण आयतं मिळतं, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आणि एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. वॉर्डाचं आरक्षण फिरतं असतं. ते पाहिजेच, त्याशिवाय बायका अन् मागासवर्गीय सभागृहात आले नसते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सोडत निघाली अन् वॉर्ड दुसऱ्याला गेला की आत्ताच्या माणसाला माहीत असतं, मला काही परत या गल्लीत मत मागायला यायचं नाही. मेक्सिकोत १९३३ पासून कायदाच होता, खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. मग तिथले खासदार मतदाराकडे बघतच नव्हते, पुढचं पद पक्ष देणार म्हणून पक्षाकडे बघायचे. २०१४ ला त्यांनी ते बदललं.

प्रशासकाचं तर विचारूच नका. घटनेत स्पष्ट आहे की स्थानिक संस्थेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली अन् प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, मग प्रभागरचना, मग परत कोर्ट, शेवटी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ ला आदेश दिला तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपालिकांचं अन् जानेवारी २०२६ ला महापालिकांचं मतदान झालं. एवढी वर्षं पाडायला समोर कोणी माणूसच नव्हता!

तुम्ही आता एक करा, तोंडी फिरू नका. अर्ज द्या, आवकचा शिक्का घ्या, मग माहितीच्या अधिकारात विचारा की हे काम कोणत्या ठरावात आलं, कोणत्या तारखेला, फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे. ठरावाची प्रत हातात आली की तिघांपैकी खोटं कोण बोलतं ते कळतं.

प्रश्न : दादा, आमचा सरपंच थेट निवडून आलेला आहे, सदस्यांचं ऐकत नाही, ग्रामसभा तर कागदावरच होते. त्याला मधेच काढता येतं का?
— एक ताई, शिंदखेडा तालुका

उत्तर : येतं ताई, पण सोपं नाही. पहिली दोन वर्षं अन् शेवटचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. मधल्या काळात तहसीलदाराकडे नोटीस द्यायची, तीन चतुर्थांश सदस्य बाजूने लागतात, अन् तेवढ्यावर पण भागत नाही, मग विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान. लोकांनी बसवला तर लोकांनीच उठवायचा, हे मला योग्य वाटतं. नाहीतर सात-आठ सदस्य एका ढाब्यावर शेवभाजी खाऊन सरपंच बदलून टाकायचे, ते दिवस आपण बघितलेत.

शेजारच्या मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलवायचं मतदान असतं, मतदारापुढे दोनच चिन्हं, खाली कुर्सी (म्हणजे रिकामी, अध्यक्ष जावा) आणि भरी कुर्सी (अध्यक्ष राहावा). आपल्याकडे तसं चिन्ह नाही, पण ग्रामसभेतलं गुप्त मतदान त्याच जातीचं.

आधी कागदावरची ग्रामसभा खरी करा. वर्षातून चार घ्याव्या लागतात, गणपूर्ती १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातलं जे कमी ते. प्रोसिडिंग बुकातल्या सह्या बघायला मागा, त्यात वारलेल्या माणसांच्या सह्या सापडल्या तर नवल वाटून घेऊ नका.

प्रश्न : विधान परिषद कशाला पाहिजे, कधी बरखास्तच होत नाही ती?
— एक कॉलेजवाला, नंदुरबार

उत्तर : ७८ जणांचं सभागृह, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश बाहेर. कल्पना अशी की एका लाटेत सगळं सभागृह बदलू नये. पण त्यातल्या २२ जागा नगरसेवक अन् झेडपी सदस्यांच्या मतावर भरतात. मतदारच शिल्लक नव्हते म्हणून त्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या, जळगावची पण. खाली इलेक्शन लांबलं की वरची खुर्ची पण रिकामी राहते ती अशी.