ख्रिस्ती नसताना ख्रिस्ती प्रवचने वाचून आशा मिळते का?

आपण विचारले आहे की घरात कोणी ख्रिस्ती नसताना, मन खचलेल्या काळात, ख्रिस्ती प्रवचने आणि निबंध वाचून काही आशा, काही नवी दृष्टी मिळू शकते का, आणि मिळत असल्यास सुरुवात कोठून करावी. पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्या भागाकडे मी उशिरा येईन, कारण याच प्रश्नावरून आमच्या इंदूरच्या घरात, रामबागेत, माझे वडील आणि काका यांच्यात जो वाद झाला, तो माझ्या मते अजून निकाली निघालेला नाही.

वडील एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी गिरणी बंद पडली आणि पगार, ग्रॅच्युइटी, फंड असे सगळेच अडकले. ज्यांच्या घरी गिरणीचा पगार येत असे त्या इंदूरकरांना पुढचे सांगायला नको. कोर्टात तारखा पडत. तारखेआधी कोणीतरी खात्रीची बातमी आणी आणि तारखेनंतर ती खोटी ठरे. वडिलांनी आधी फाटकावरच्या सभांना जाणे सोडले, मग वर्तमानपत्र वाचणे सोडले. काका सरकारी नोकरीत होते. ते रविवारी येत आणि ‘‘दादा, सगळं ठीक होईल, देवावर भरवसा ठेव,’’ असे सांगून चहा घेऊन जात. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्याचा पगार एक तारखेला हातात पडतो त्याने ज्याचा पडत नाही त्याला हे वाक्य ऐकवू नये, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहत. ते मूळ नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील त्यांना ‘सर’ म्हणत. सरांनी कधी धीर दिला नाही. एके दिवशी त्यांनी इंग्रजी प्रवचनांचे एक पुस्तक आणून दिले आणि त्यातील एका प्रवचनावर खूण घालून ठेवली. ते हिटलरला विरोध करणाऱ्या डीट्रिश बॉनहॉफर या जर्मन पाळकाचे होते. 1933 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, लंडनमधील जर्मन मंडळीपुढे त्याने ते केले होते. तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस होते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळातले ते प्रवचन, म्हणजे विषय वाट पाहण्याचा. त्यासाठी त्याने खाणीत गाडल्या गेलेल्या कामगाराचे चित्र उभे केले आहे. वर दरड कोसळली आहे, अंधार आहे, बाहेर पडण्याचा मार्ग स्वतःच्या हाती उरलेला नाही, आणि अशा वेळी दूरवरून ठोके ऐकू येऊ लागतात. कोणीतरी खोदत आहे. सुटका अजून झालेली नाही, तरी त्या क्षणापासून तो माणूस मघाचा राहत नाही. त्याचे सगळे अंग कान होऊन जाते. त्या प्रवचनाचा आधार बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातील एका वचनाचा आहे : या गोष्टी घडू लागल्या की सरळ उभे राहा आणि डोकी वर करा.

वडिलांनी ते प्रवचन मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवले. त्यानंतर सरांनी त्यांना त्याच माणसाची तुरुंगातली पत्रे दिली. 1943 च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली, आणि त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की तुरुंगाची कोठडी हे आगमनकाळाचे वाईट चित्र नाही. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, हे ते किरकोळ काहीतरी करत राहतो, आणि दार मात्र बाहेरूनच उघडावे लागते. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिले गेले. दार उघडले नाही, हे वडिलांना ठाऊक होते, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांना तो माणूस विश्वासार्ह वाटला.

त्या पत्रातील ‘किरकोळ काहीतरी’ वडिलांनी मनावर घेतले. गिरणीतल्या ज्या कामगारांना लिहिता येत नसे त्यांचे दाव्याचे अर्ज ते आमच्या ओट्यावर बसून भरू लागले. सेवेची वर्षे, मूळ पगार, महागाई भत्ता, थकलेला बोनस हे त्यांच्याइतके कोणाला पाठ असणार? सकाळी लोक येत, वडील चष्मा लावून बसत, आईला चहाचे आधण वाढवावे लागे. थकबाकी त्यांच्या हयातीत पूर्ण मिळाली नाही, हेही सांगतो, म्हणजे प्रवचन वाचल्यावर पैसे आले अशी गोष्ट कोणी यातून काढणार नाही.

काकांना ते पुस्तक दिसले ते नेमके गणपतीच्या दिवसांत. मुखपृष्ठावर क्रूस होता. त्यांनी मध्य प्रदेशातील मिशनरी कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या 1956 च्या अहवालापासून सुरुवात केली, अडचणीतल्या माणसाला आधी पुस्तक देतात आणि मग पाण्यात बुडवतात असे सांगितले, आणि शेवटी ‘‘आपल्याकडे काय कमी आहे?’’ असे विचारले. वडील म्हणाले, ‘‘कमी काहीच नाही. पण अरे, तू मला सारखं सांगतोस की सगळं ठीक होईल. हा माणूस सांगतो की होईलच असं नाही, तरी मान वर ठेव. मला हा खरा वाटतो.’’ काका आरतीला न थांबता गेले.

माझे उत्तर या प्रसंगातच आहे. चांगले ख्रिस्ती प्रवचन दुःखाची वजाबाकी करत नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी शुक्रवारी क्रूसावर मेलेला माणूस आहे, त्याचा प्रामाणिक उपदेशक रविवारच्या पुनरुत्थानाकडे शुक्रवार टाळून जाऊच शकत नाही. निराश माणसाला हे लगेच कळते, कारण त्याच्याशी खोटे बोलणाऱ्यांची त्याला सवय झालेली असते. काकांच्या प्रश्नाचेही उत्तर याच अंगाने देता येते. देवाशी भांडणारा, दुष्काळात होरपळलेला तुकाराम आपल्याकडे आहेच, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. पूल दोन्ही बाजूंनी चालण्यासाठी असतो. वडील बॉनहॉफर वाचून गाथ्याकडे परतले आणि जे अभंग ते नुसते म्हणत असत ते थांबून वाचू लागले.

आता स्पष्टच सांगतो : बहुतेक प्रवचने वाईट असतात. दूरचित्रवाणीवर चमत्कार आणि सुबत्ता वाटणारे उपदेशक ऐकू नका. ते काकांचेच वाक्य मोठ्या आवाजात सांगतात. क्षमेवरची गुळगुळीत प्रवचनेही मला वाचवत नाहीत. क्षमेबद्दल मला जे समजले ते आमच्याच भागातल्या एका घटनेने. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक संन्यासिनीची 25 फेब्रुवारी 1995 रोजी, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारियांना धन्यपद, म्हणजे कॅथलिक चर्चमधील संतपदाच्या आधीची पायरी, दिले गेले. क्षमेवरचे कोणतेही पान मी या बहिणीला डोळ्यांपुढे ठेवून वाचतो. मग त्यातले पुष्कळसे आपोआप गळून पडते.

सुरुवात मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या ते सातव्या अध्यायातील, येशूच्या पर्वतावरील प्रवचनापासून करावी. गांधीजींनाही ते फार प्रिय होते. विनोबांनी बायबलच्या नव्या करारातून केलेली निवड ‘ख्रिस्त-धर्म-सार’ नावाने आहे, आणि मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन निबंधाच्या अंगाने वाचता येते. इंग्रजी येत असेल तर बॉनहॉफर, पण आधी प्रवचने आणि मग पत्रे.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवणे न्याय्य आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनात आपल्या देवांविषयी जी तुच्छता आहे ती वाचताना मलाही राग येतो, आणि तसे पान आल्यास ते उलटून पुढे जाण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. शिवाय झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रवचनांच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

मात्र जे वाचाल ते उघड्यावर वाचा. आमचे पुस्तक त्या गणपतीनंतरही बैठकीच्या टेबलावरच राहिले. लपवले असते तर काकांचा संशय खरा ठरला असता. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि वडिलांना त्या सरांनी ‘जवळजवळ नेलेच होते’ असे लग्नकार्यात अजूनही सांगतात. मी त्यांना दरवेळी एवढेच विचारतो की दादांची एकादशी कधी चुकलेली तुम्ही पाहिली होती का. त्यावर ते वाढप्याला हाक मारतात.