टॅगची नावं वेगळी, स्टाइलशीट एकच: एक्सएसएलटीवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: तीन सप्लायरकडून एक्सएमएल येतं. एकाकडे 'वस्तू', दुसऱ्याकडे 'आयटम', तिसऱ्याकडे 'माल' असा टॅग. टेबल तिघांचं सारखंच हवंय, मग तीन स्टाइलशीट लिहू का?

अजिबात नको. एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा. तिची फाइल म्हणजे स्टाइलशीट, त्यात टेम्प्लेट, म्हणजे एकेका टॅगचं काय करायचं ते सांगणारे नियम, आणि नियम कोणत्या टॅगला लागू ते त्याच्या 'मॅच'मध्ये लिहितात. या मॅचमध्ये 'वस्तू | आयटम | माल' असं उभी रेघ घालून लिहिता येतं आणि दोन-तीन टॅगपुरतं ते ठीकच आहे, पण मग आत किंमत काढताना परत 'किंमत | दर | भाव', तारखेला परत तेच, आणि चौथा सप्लायर आला की सगळी फाइल उसकायची. त्यापेक्षा नावांचा निकाल दारातच लावा. प्रत्येक सप्लायरसाठी एक छोटी स्टाइलशीट, तिच्यात आयडेंटिटी टेम्प्लेट, म्हणजे जे येईल ते जसंच्या तसं कॉपी करणारा, आणि त्याच्या जोडीला फक्त नावं बदलणारे चार-पाच टेम्प्लेट. सगळ्यांचं 'वस्तू' आणि 'किंमत' झालं की टेबलवाली मुख्य स्टाइलशीट पुढे. तिला सप्लायर कोण हे कळायचीही गरज नाही.

एक जागा सांभाळा. एखादा सप्लायर दर ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या कंसातच, देतो आणि तुम्ही त्याचा एलिमेंट, म्हणजे स्वतंत्र टॅग, करता, तेव्हा बाकीचे ॲट्रिब्यूट आधी कॉपी झालेले पाहिजेत, कारण आत एलिमेंट लिहिल्यावर मागून ॲट्रिब्यूट आला की एरर. म्हणून आधी दर सोडून बाकीचे ॲट्रिब्यूट, मग दर, मग आतला मजकूर.

दोन्ही पायऱ्या एकाच रनमध्ये हव्या असतील तर एक्सएसएलटी 1.0 मध्ये नोड-सेट एक्स्टेंशन, म्हणजे पहिल्या पायरीचा निकाल परत एक्सएमएल म्हणून वापरू देणारी जोड, लागतं, 2.0 पासून लागत नाही. स्टाइलशीट चालवणारा एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम 1.0 वालाच आहे, तिथे मी सरळ दोनदा चालवते.

प्रश्न: टॅगचं नाव पॅरामीटरमधून दिलं, पण मॅचमध्ये डॉलरवालं व्हेरिएबल घातलं की एरर येतो.

येणारच, 1.0 मध्ये टेम्प्लेटच्या मॅचमध्ये व्हेरिएबल चालतच नाही. सिलेक्टमध्ये, म्हणजे कोणते टॅग घ्यायचे ते सांगतो तिथे, चालतं, तिथे स्टार (कुठलाही टॅग) घेऊन चौकटी कंसात लोकल-नेम, म्हणजे प्रीफिक्स सोडून टॅगचं नुसतं नाव, त्या पॅरामीटरशी ताडून बघा. 2.0 मध्ये मॅचच्या कंसातही ग्लोबल पॅरामीटर घेता येतो. नुसती स्ट्रिंग मात्र कुठेच पाथ म्हणून धरली जात नाही.

प्रश्न: नाव हुबेहूब जुळतंय तरी टेम्प्लेट लागत नाही, आउटपुटमध्ये सगळा मजकूर सलग येतो.

शंभरातल्या नव्वद वेळा नेमस्पेस, म्हणजे टॅगचं नाव कुठल्या गटातलं ते सांगणारी ओळख. एक्सएमएलच्या मुळाशी डिफॉल्ट नेमस्पेस असेल तर तुमचं साधं 'वस्तू' त्या 'वस्तू'ला ओळखत नाही, मग एक्सएसएलटीचे स्वतःचे मुळातले (बिल्ट-इन) टेम्प्लेट लागतात आणि ते नुसता मजकूर ओततात. स्टाइलशीटमध्ये त्याच नेमस्पेसला प्रीफिक्स द्या आणि तोच मॅचमध्ये वापरा, 2.0 मध्ये त्यासाठी एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस हा ॲट्रिब्यूट आहेच. सगळीकडे लोकल-नेम ठोकून मोकळं व्हायची सवय मला पटत नाही, ग्राहकाचं 'नाव' आणि मालाचं 'नाव' वेगळ्या नेमस्पेसमधली असली तरी एकाच टेम्प्लेटमध्ये शिरतात आणि बिलावर भलतंच छापलं जातं.

प्रश्न: एकाच ग्राहकाला एक कॉलम जास्त हवाय. फाइल कॉपी करू का?

नको हो! नवीन फाइलमध्ये सगळ्यात वर मूळ फाइल इम्पोर्ट करा, खाली फक्त तो एक टेम्प्लेट लिहा, तुमचा वरचढ ठरतो. मूळचंही काम हवं असेल तर आतून अप्लाय-इम्पोर्ट्सने मूळ टेम्प्लेट बोलवा. इन्क्लूड वापरू नका, त्यात दोघांचा मान सारखाच राहतो आणि एकाच टॅगवर दोन टेम्प्लेट भांडत बसतात.