20 वर्षं बंद पडलेल्या मोटरसायकलचं हाफ इंजिन काम पुरतं का?

1960 च्या दशकातली ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, 20 वर्षं एका जागी उभी, किक जाम. फक्त हेड-पिस्टनचं काम करून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा खालचा दांडा, बाहेर काढाच.

आधी किक. तिच्यावर उभं राहून जोर अजिबात लावू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेल्या असतात. जोर केला की त्या तुटतात आणि बोअरला चरे पडतात. प्लग काढून दोन्ही भोकांतून डिझेल ओता आणि आठवडाभर मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने बोटभर पुढे, बोटभर मागे, असं हलवत राहा. टॉप गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकवर सगळ्यात जास्त पोचतो. पान्हे व्हिटवर्थ मापाचेच, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचेच, घ्या. मिलिमीटरच्या पान्ह्याने नटांचे कोपरे गोल होतात.

आता खालचं. माझ्या पहिल्या इंजिनाला मी नवे पिस्टन टाकले, वॉल्व्ह घासले, आणि खाली हात लावला नाही. गाडी सुंदर चालली. थोड्याच दिवसांत खालून जड ठोका यायला लागला. उघडून पाहिलं तर बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली, शेल बेअरिंग घासून संपली होती. या क्रँकच्या पोटात एक नळी असते, स्लज ट्रॅप. बिग एंडकडे जाणारं तेल तिच्यातूनच जातं, आणि क्रँक फिरताना तेलातली जड घाण तिच्या भिंतीला जाऊन बसते. मी तिचा स्क्रू काढला तेव्हा आत काळा, मेणासारखा घट्ट गाळ होता. तारेने टोकरून टोकरून काढावा लागला. तेल जायला जेमतेम सुईएवढी वाट उरली होती. ही नळी इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय साफ होत नाही, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

क्रँककेसमधली, म्हणजे क्रँक ज्या ॲल्युमिनियमच्या कवचात बसतो त्यातली, बेअरिंग ठोकून काढू नका. केस साधारण 100 अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे केस लाकडावर हलकेच आपटली तरी बेअरिंग सुटून येतं.

बोअर वरच्या टोकाला, रिंग जिथून परत फिरते तिथे, सगळ्यात जास्त झिजतो. माप तिथेही घ्या आणि तळाशीही. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, बघा. 71 मिमी बोअरला 0.25 ते 0.35 मिमी ठीक. पिस्टनची पिन जागेवर धरणारे सर्कलिप नवेच टाका, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा.

सगळं जोडल्यावर लगेच चालू करू नका. प्लग काढलेलेच राहू द्या, तेलाच्या टाकीचं झाकण उघडा आणि परतीच्या नळीतून तेल पडताना डोळ्यांनी दिसेपर्यंत किक मारत राहा. ते दिसलं की मगच प्लग लावा.